खिळ्यावर टांगलेली पट्टी

मी करवत बोलतेय. हातानं ओढायची नव्हे. जमिनीवर ठाण मांडून बसणारी, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जाड टेबलाची, पोटात मोटर असलेली, गोल पात्याची करवत. टेबलाच्या मधोमध एक फट आहे, तिच्यातून माझं पातं डोकं वर काढतं. कुणी फळी पुढं सारली की मी ती लांबीत चिरून देते. जन्मभर एवढंच केलं आणि त्यातच कंबर मोडली.

आत्ता मी एका छोट्या ट्रकात उभी आहे. मला वर चढवताना चौघांचा घाम निघाला, आणि एवढं सगळं झाल्यावर लक्षात आलं की दोर कुणी आणलेलाच नाही. आता ते आणायला गेलेत. माणसांचं हे असंच चालतं, मी मनाला लावून घेणं कधीच सोडलं. तोवर मला बोलायला वेळ आहे. समोर कारखान्याचं दार सताड उघडं आहे आणि माझी जागा इथून दिसते. सगळीकडे भुसा, आणि मी होते तिथं एक स्वच्छ चौकोन.

माझा जन्म भट्टीतला. बीड ओतून माझं टेबल केलं आणि मग कित्येक महिने मला अंगणात नुसतं टाकून दिलं. पाऊस झाला, ऊन झालं, कुणी ढुंकून बघितलं नाही. मला वाटलं विसरले. पण तसं नसतं. बिडाच्या अंगातला ताण उतरायला वेळ द्यावा लागतो, नाहीतर पुढं टेबल वाकतं. तेवढा आराम मला पुन्हा कधीच मिळाला नाही.

मग घासलं, सपाट केलं, पोटात मोटर बसवली, तीन पट्टे चढवले. सगळ्यात शेवटी पात्याच्या मागं एक पोलादी पट्टी आली. तळहाताएवढी, पात्याच्या मागं उभी राहणारी. तिच्याच डोक्यावर पात्याचं झाकण बसवलेलं, म्हणजे एक काढली की दुसरं आपोआप निघायचं.

या पट्टीबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. पूर्वी दोन माणसं मोठा ओंडका हातानं चिरायची, तेव्हा चिरेत लाकडाची एक पाचर मारून ठेवायची. लाकूड चिरलं की आतून मिटायला बघतं. पाचर नसेल तर ते करवतीला चावून धरतं. माझ्या मागची पट्टी म्हणजे तीच पाचर, फक्त पोलादाची आणि कायमची. दिसायला काही नाही. पण ती नसेल आणि लाकूड मिटलं, तर माझं फिरतं पातं फळीला मागून पकडतं आणि थेट समोरच्या माणसावर भिरकावतं. यात माझा राग नसतो की लोभ नसतो. बटण दाबल्यावर मी फिरते, मला तेवढंच येतं.

मला घ्यायला मिस्त्री आले तेव्हा तरणेबांड होते. दुकानात माझ्यासारख्या सहा-सात जणी ओळीनं उभ्या होत्या. त्यांनी कुणाच्या रंगाकडे बघितलं नाही. प्रत्येकीच्या टेबलावर सरळ मोजपट्टी आडवी ठेवून खालून उजेड येतो का ते बघितलं, चाक फिरवून पातं वरखाली केलं. माझ्याजवळ आल्यावर खिशातून एक नाणं काढलं, टेबलावर कडेवर उभं केलं आणि मोटर चालू करायला सांगितली. मी सुरू झाले. नाणं हललं नाही. बंद झाले, तरी नाणं तसंच.

"हीच," मिस्त्री म्हणाले. बाकीच्यांकडे त्यांनी मान वळवून बघितलंही नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात मोठं कौतुक. त्यानंतर जे ऐकलं ते सगळं उलटंच.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. मिस्त्रींची मुलगी तेव्हा पाच-सहा वर्षांची होती. ती दाराशी बसून भुशाचे लाडू वळायची आणि वडिलांना विकायची. मिस्त्रींची बायको सकाळी चहा घेऊन यायची, माझ्या टेबलावर किटली ठेवायची. मी तक्रार केली नाही. बिडावर ओलं भांडं ठेवलं की गंजाचं कडं उमटतं, ते अजून माझ्या अंगावर आहे. बघायचं असेल तर उजव्या कोपऱ्यात बघा.

आणि मग ती सकाळ आली. एका दवाखान्याची कपाटं चालली होती. कपाटाची पाठ बसवायला बाजूंच्या फळ्यांना बारीक खाच पाडायची होती. खाच म्हणजे आरपार कापायचं नसतं, नुसतं ओरखडल्यासारखं. त्या कामात मागची पट्टी आणि झाकण मधे येतं, काढावंच लागतं. मिस्त्रींनी दोन बोल्ट सोडवले, पट्टी काढली आणि समोरच्या भिंतीतल्या खिळ्याला टांगली. पाच मिनिटांचं तर काम होतं.

खाचा पाडून झाल्या. एक जाड फळी चिरायची राहिली होती. ती जरा ओलसर होती, हे मला पहिल्या बोटभर चिरेतच कळलं. मिस्त्रींनी खिळ्याकडे बघितलं. खोटं कशाला बोलू, बघितलं. मग म्हणाले, "एकच तर आहे." अर्ध्यात पोचल्यावर फळी मिटली, माझं पातं चावून धरलं, मोटर कण्हली. दुसऱ्याच क्षणी फळी मागं उडाली. तिच्यावर दाबलेल्या डाव्या हाताखालचा आधार गेला आणि तो हात माझ्यावर आला.

त्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट गेलं. याहून जास्त मी सांगणार नाही.

तीन आठवड्यांनी ते परत आले, हाताला पांढरं गाठोडं बांधलेलं. बरोबर बायको होती. ती दारातच उभी राहिली, आत यायला तयार होईना. तिनं विचारलं, "पण झालं कसं? तुम्ही इतके सावध असता." मिस्त्री माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिच्यात दमच नाही. लाकडात अडकली आणि फेकून दिलं. ताकदवान मशीन असतं तर सरळ कापत गेलं असतं."

"मग विकून टाका ही बया!" ती म्हणाली.

"आणि काम कशावर करू?"

त्या दिवसापासून मी 'बया'. कधी 'अवदसा', कधी 'ती समोरची'. माझ्या टेबलावर पुन्हा कधी किटली आली नाही. गंजाच्या कड्याची तक्रार केली होती ना मी मघाशी? ती मागं घेते. आली असती तर बरं वाटलं असतं.

मला वाटत होतं, आता तरी पट्टी परत लावतील. नाही लावली. लावली असती तर कुणीतरी विचारलं असतं, ही काय आहे, आणि त्या दिवशी कुठं होती? म्हणून ती तिथंच राहिली. मग कारखान्यात पॉलिशवाले काका आले, त्यांनी त्याच खिळ्याला आपला ॲप्रन अडकवला. त्याच्यावर एक जुना सदरा आला, त्याच्यावर भुशाचा थर. पट्टी दिसेनाशी झाली. अशी अठरा वर्षं गेली. तिथं काय टांगलंय हे दोघांनाच माहीत होतं, मिस्त्रींना आणि मला. त्यांतली मी बोलू शकत नव्हते.

मिस्त्री मात्र बदलले. डावा हात त्यांनी ॲप्रनच्या खिशात घातला तो काम नसेल तेव्हा कायम तिथंच. लोकांनी मागून 'आठबोट्या' नाव ठेवलं, ते त्यांच्या कानावर आलं होतं. आणि माझ्यावर लांब फळी चिरताना ते एक विचित्र गोष्ट करायला लागले. चीर वीतभर झाली की मला बंद करायचे, पातं पूर्ण थांबेपर्यंत थांबायचे, मग लाकडाची एक बारीक पाचर घेऊन त्या चिरेत हातोडीनं ठोकायचे आणि पुन्हा सुरू करायचे. दर फळीला. जिथं मिनिटाचं काम तिथं चार मिनिटं.

"हे काय चाललंय मिस्त्री?" पॉलिशवाले काका चेष्टा करायचे. "फळी चिरताय की तिला कानातले घालताय?"

"सवय आहे," मिस्त्री म्हणायचे.

त्या पाचरींनी एक डबा भरलेला असायचा. मुलगी लहान असताना त्यांची घरं बांधायची. मोठी झाल्यावर तीच पाचरी बनवायला लागली, रंध्यानं इतक्या एकसारख्या की मोजून घ्याव्यात.

मुलगी शाळा-कॉलेज करून शेवटी इथंच आली. आईनं डोक्याला हात लावला. पण पोरीचा हात वडिलांवर गेलेला. सांधे असे बसवायची की मधे केस शिरू नये. काका तिला 'धाकट्या मिस्त्रीबाई' म्हणायचे, आधी चेष्टेनं, मग खरंच. फक्त माझ्याजवळ यायची तिला बंदी होती. "ते मशीन वाईट आहे," वडील सांगायचे. माझ्या तोंडावर! आणि ती हातकरवतीनं तासन्‌तास फळ्या कापत बसायची, माझ्यापासून सात पावलांवर. मी रिकामी, ती घामाघूम. किती वेळा वाटलं, ये बाई, दोन बोल्ट आण आणि ये.

गेल्या वर्षापासून मिस्त्रींना पेन्सिलीची रेघ नीट दिसेना. उजवा हातही थरथरायला लागला. माझीही बेअरिंगं कुरकुरू लागली होती. अशात एका शाळेच्या ग्रंथालयाचं काम आलं, सगळं जाड आणि कठीण लाकूड. आता माझ्यावर भागणार नाही, हे मलाही कळत होतं. एक दिवस जेवताना मिस्त्रींनी सांगून टाकलं, "नवीन मशीन घेऊ. आणि ते तू चालव, बाळा."

पोरीचा घास हातातच राहिला. अठरा वर्षांची बंदी अशी भाजीबरोबर सहज वाढली गेली होती.

यंत्रवाला घरचा पाहुणा असल्यासारखा आला. हातात रंगीत पुस्तिका. आणि त्या मांडल्या कुठं? माझ्याच टेबलावर. माझ्या छातीवर माझ्या सवतींचे फोटो! स्थळं बघायला बसावं तसे सगळे भोवती जमले. मिस्त्रींची बायकोही आली, पण माझ्यापासून हातभर लांब उभी राहिली.

मुलगी खूप वाचून आली होती. तिनं विचारलं, पातं वरखाली करणारा सांगाडा टेबलाला टांगलेला आहे की खालच्या पेटीवर बसवलेला? पेटीवर असेल तर तिरकं झालेलं टेबल सरळ करणं सोपं जातं. फळी टेकवायचं गाईड सरकवून घट्ट केलं की पात्याला समांतर राहतं का? भुसा खेचायची नळी केवढी? आपल्याकडे थ्री फेज वीज आहे, तिला चालणारी मोटर कोणती? मी मनात म्हटलं, शाब्बास. अशा प्रश्नांनी करवत निवडायची असते. एका पानावरच्या मशीनवर तिनं बोट ठेवलं. मीही बघितलं. टेबल माझ्यापेक्षा जाड होतं. सवत असली तरी खोटं कशाला बोलू, चांगली होती.

मिस्त्रींचा प्रश्न एकच. "हॉर्सपॉवर किती?"

"पाच," यंत्रवाला म्हणाला. "कठीण लाकूड लोण्यासारखं कापेल."

"अडकणार नाही ना?"

"नावच नको."

मग मुलीनं फोटोत बोट फिरवलं. "आणि पात्याच्या मागं ही उभी पट्टी कसली?"

मोटर बंद असतानाही माझ्या अंगातून थरथर गेली. यंत्रवाला सांगणार तेवढ्यात मिस्त्रीच घाईनं बोलले. "ते काही नाही. कंपन्या देतात. कामात मधे येतं, काढूनच ठेवायचं असतं."

"आपल्या जुन्या मशीनला होती?" बायकोनं विचारलं.

"नव्हती," मिस्त्री म्हणाले.

यंत्रवाल्याला काय, मशीन खपल्याशी मतलब. तो हसून म्हणाला, "नव्या मॉडेलमधे तर एका खटक्यात निघते. तुम्हाला बोल्टही सोडवायला नकोत." एका खटक्यात निघते म्हणजे एका खटक्यात परत बसतेही, पण ते तो म्हणाला नाही.

"मग त्या पाचरी, बाबा?" मुलीनं विचारलं. "नवीन मशीनवरही मारायच्या का?"

"त्या या बयेसाठी होत्या. हिच्यात दम नाही म्हणून. पाच हॉर्सपॉवरला कशाला हव्यात पाचरी?"

तुम्हाला कळलं का काय झालं ते? मी दीड हॉर्सपॉवरची होते, तरी फळी भिंतीपर्यंत गेली होती. ही नवी पाचाची. ताकद वाढली की कापणं सोपं होतं हे खरं, पण फळी मागं भिरकावायचीही ताकद वाढते. आणि तिच्यासमोर, पट्टी काढून, पाचर न मारता, ही पोर उभी राहणार होती, दहाच्या दहा बोटं घेऊन. का, तर एकदा बायकोसमोर बोललेलं एक वाक्य मोडायला नको म्हणून.

मला तेव्हा बोलता आलं असतं तर मी आयुष्यात पहिल्यांदा शिवी दिली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले होते. मिस्त्री एकटेच मागं राहिले. ते भिंतीजवळ गेले, काकांचा ॲप्रन बाजूला केला, खालचा सदरा उचलला. पट्टी बाहेर आली. त्यांनी तीन बोटांनी तिच्यावरची धूळ पुसली. मी म्हटलं, काढा. काढा आता. पण बाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या, आणि त्यांनी सदरा परत टाकला, त्याच्यावर ॲप्रन नीट पसरला. त्या दिवशी मला वाटलं, आपण गंजून गेलो असतो तर बरं झालं असतं.

मला विकायचं ठरलंच होतं. विकत घ्यायला मधपेट्या बनवणारा एक माणूस येणार होता. मधमाश्यांच्या लाकडी पेट्या, हलकं लाकूड, लहान फळ्या. म्हातारपणी याहून बरं काम काय मिळणार? तो आज सकाळी आला. संथ माणूस. कानावर पेन्सिल, हातात स्वतःच्या अक्षरातली यादी. एकेक गोष्ट बघायची आणि यादीवर खूण करायची. टेबल बघितलं, पट्टे बघितले, बेअरिंगचा आवाज डोळे मिटून ऐकला. मग खिशात हात घालून त्यानं काय काढलं असेल? नाणं. माझ्या टेबलावर कडेवर उभं केलं आणि मला सुरू केलं.

नाणं हललं नाही.

"मोटर उत्तम आहे हो," तो म्हणाला. "हिच्यात दम नाही असं कुणी सांगितलं मला वाटेत?"

"मीच!" पॉलिशवाले काका म्हणाले. "इथं सगळेच म्हणतात."

मिस्त्री जमिनीकडे बघत होते.

मधपेट्यावाल्यानं यादी बघितली. "आता झाकण आणि मागची पट्टी दाखवा."

"हरवली," मिस्त्री म्हणाले.

"अरेरे. मग अवघड आहे. त्याशिवाय मी नेणार नाही. माझी बायकोही काम करते माझ्याबरोबर."

मुलगी म्हणाली, "थांबा, असंच काहीतरी लोखंडी त्या खिळ्यावर आहे. लहानपणी माझं डोकं आपटलं होतं तिथं." ती गेली. ॲप्रन काढून काकांच्या हातात दिला, सदरा खाली टाकला. आणि पट्टी, झाकणासकट, अठरा वर्षांनी उजेडात आली.

मधपेट्यावाला खूश झाला. "वा! ही तर नव्यासारखी आहे. कडेचा रंगसुद्धा फारसा गेला नाही. फारशी वापरलीच नाही की काय?"

मुलीनं पट्टी हातात फिरवली. तिनं यंत्रवाल्याच्या पुस्तिकेत तशीच बघितली होती. मग ती कपाटाकडे गेली, डब्यातून एक पाचर काढली आणि पट्टीला चिकटवून धरली. दोन्हींची जाडी एकच. का नसणार? पाचरी तिनंच बनवलेल्या होत्या, वडिलांनी दिलेल्या मापानं.

"बाबा," ती म्हणाली, "हे माप तुम्ही हिच्यावरून घेतलं होतं?"

मिस्त्रींची बायको दारात आली होती. तिलाही सगळं दिसत होतं. मिस्त्रींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा मुलीच्या हातांकडे. मग खिशातला डावा हात बाहेर काढून माझ्या टेबलावर ठेवला, जणू उभं राहायला आधार हवा होता.

"मशीन चांगलं होतं," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी ती काढली होती खाच पाडायला. परत लावायचा कंटाळा केला. एकच फळी आहे म्हटलं."

"पण तुम्ही तर..." बायको म्हणाली.

"तू रडत होतीस. मला सांगवेना की मीच मूर्खपणा केला. मला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, चिरेत पाचर मारल्याशिवाय पुढं जायचं नाही. यंत्र आलं आणि मला वाटलं, आता कशाला. नंतर रोज सांगावंसं वाटायचं. रोज आणखी अवघड व्हायचं."

मुलगी पांढरीफटक पडली होती. "आणि नवीन मशीनवर मला म्हणालात काढून ठेव."

"हो," मिस्त्री म्हणाले. "तेही म्हणालो." आणि मग ते रडले. मोठी माणसं रडतात तसं तोंड फिरवून नाही, तिथंच, सगळ्यांसमोर.

मुलीनं वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला नाही. ती रागावली होती, आणि रागवायचा तिला हक्क होता. मधपेट्यावाला बिचारा आपली यादी पुन्हा पुन्हा वाचत होता. शेवटी मिस्त्रींची बायको माझ्याजवळ आली. अठरा वर्षांत पहिल्यांदा. गंजाच्या त्या कड्यावरून तिनं बोट फिरवलं. "किती शिव्या घातल्या मी हिला."

"जाऊ द्या वहिनी," काका म्हणाले, "हिला कुठं ऐकू जातंय."

ऐकल्या होत्या. सगळ्या. पण जाऊ द्या.

"पाना द्या," मुलगी म्हणाली.

"मी लावतो," मिस्त्री म्हणाले.

"नाही. मी लावणार. तुम्ही सांगा."

मग ते सांगत गेले आणि ती लावत गेली. पट्टी पात्याच्या रेषेत आहे ना ते बघ. पात्यापासून अंतर बोटभरापेक्षा कमी हवं. आता बोल्ट आवळ, पुन्हा बघ. माझ्या पाठीला इतक्या वर्षांनी ते वजन आलं तेव्हा मला कसंसंच झालं. पडलेला दात परत बसावा तसं.

"एक फळी कापून बघते," ती म्हणाली. मिस्त्री बाजूला झाले आणि हात मागं बांधून उभे राहिले. तिनं एक लांब फळी निवडली, मुद्दाम जरा ओलसर. गाईड लावलं, फळीच्या रेषेतून एक पाऊल बाजूला उभी राहिली, शेवटी ढकलायची काठी हाताशी ठेवली. बटण दाबलं.

अर्ध्यात फळी मिटायला लागली. अगदी तशीच, मी ती ओळखली. पण मागं पट्टी उभी होती. लाकडानं तिला दोन्हीकडून दाबलं, तिनं दाद दिली नाही, आणि मी सरळ कापत गेले. टोकापर्यंत. दोन तुकडे बाजूंना पडले आणि तिनं मला बंद केलं. पातं थांबेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं आपली दहा बोटं टेबलावर पसरून ठेवली आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

लगेच तिनं यंत्रवाल्याला फोन लावला. "मशीन तेच, पाच हॉर्सपॉवर. पण झाकण, पट्टी सगळं लावून पाठवा. आणि पट्टी ठेवायला मशीनच्याच अंगावर जागा आहे का? नसेल तर मी करीन. भिंतीवर नको."

दोर घेऊन माणसं आलेली दिसतायत. मला आवरतं घ्यायला हवं.

माझी एक विनंती आहे. तुम्ही माझ्यासारखी कुणी घ्यायला जाल तेव्हा ताकद जरूर बघा, नाणंही उभं करून बघा. पण तिच्या मागं काय उभं आहे तेही बघा. काढावं लागलं तर काढा, काम झालं की लावा, मग पाणी प्यायला जा. आणि तुमची चूक झाली तर ती आमच्यावर ढकला हवी तर. आमचं बिडाचं अंग आहे, सोसतो. फक्त घरातल्या माणसाला खरं सांगा, त्यांचे हात त्यावर अवलंबून असतात.

दोर आवळतायत. घट्ट आवळलेत, पट्टीला लागू दिला नाही, मधपेट्यावाला नीट माणूस आहे.

दारातून दिसतंय, मुलगी हातोडी घेऊन भिंतीजवळ गेली आहे. हातोडीच्या फाट्यात तो खिळा धरून ती ओढतेय. जुना खिळा, सहज येत नाही. आता मिस्त्रीही गेले. दोघांनी मिळून ओढला आणि तो भिंतीचा पोपडा घेऊन बाहेर आला. तिनं तो बघितलाही नाही, मोडीच्या डब्यात टाकला. काका ॲप्रन हातात घेऊन उभे आहेत, आता हा कुठं टांगू म्हणून विचारतायत.

ट्रक सुरू झाला. मिस्त्री दारात आले. त्यांनी मला निरोप द्यायला हात वर केला, आणि तो डावा हात होता.